घरघंटीबरोबर गेलेला डबा

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'डिफॉल्टर' म्हटलं तेव्हा माझ्या तोंडात दंतमंजन होतं, त्यामुळे जागच्या जागी निषेध नोंदवता आला नाही. फोनवरचा मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "अंकल, तमे डिफॉल्टर छो. घरघंटीना हप्ता बाकी छे." मी चूळ भरून परत येईपर्यंत त्याने फोन ठेवलासुद्धा होता. एखाद्या गृहस्थाची अब्रू काढायची तर निदान त्याचं तोंड धुऊन होईपर्यंत थांबावं, एवढी रीत पाळायला कुणाची हरकत नसावी.

माझी ओळख सांगतो, म्हणजे घाव कुठे बसला ते कळेल. मी लक्ष्मीकांत पोतनीस, राहणार दांडिया बाजार, बडोदे. आमचे पूर्वज गायकवाड सरकारच्या खजिन्यावर होते. मी स्वतः रेल्वेच्या हिशेब तपासणीत नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल शाईने रेघा मारत आलो. आमच्या घरात शेजारून आणलेली साखरेची वाटीसुद्धा दुसरा दिवस बघत नाही. शिवाय ती रिकामी परत जात नाही. साखरेची वाटी आली तर परत जाताना तिच्यात लाडू जातो, चटणीची आली तर वड्या जातात. हा माझ्या पत्नीचा, शालिनीचा, नियम आहे आणि तिच्या नियमांना घरात अपील नाही.

तर घरघंटी. बडोद्यात घरच्या घरी पीठ दळायच्या या विजेच्या गिरणीशिवाय घराला घरपण येत नाही, असं शालिनीला तिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांनी पटवून दिलं होतं. जवळच वाडी भागात जयंतीभाईंचं दुकान आहे. मी रोख पैसे देतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, हवे रोकडा कोण आपे छे?" असं म्हणून त्यांनी मला एका फायनान्स कंपनीच्या बिनव्याजी हप्त्यांत बसवलं. मोबाईलवर आकडा आला, तो मी वाचून दाखवला, आणि पूर्वजांच्या सगळ्या पुण्याईसकट कर्जदार झालो.

घरघंटी आली आणि पहिल्याच दिवशी दळता दळता ओट्यापासून देवघरापर्यंत चालत गेली. ती नुसती चालली असती तरी सांभाळून घेतलं असतं, पण तिच्या थरथराटाने खालच्या मजल्यावरचे दिनकरराव भूकंप समजून नेसत्या लुंगीनिशी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सोबत त्यांनी फक्त चष्मा आणि पेन्शनचं पुस्तक घेतलं होतं. पत्नी कमलाताई वर राहिल्या होत्या, हे त्यांना कमलाताईंनी गॅलरीतून हाक मारल्यावर आठवलं. त्या दोघांचा अबोला घरघंटीच्या खात्यावर जमा झाला. जयंतीभाईंना फोन केला तर ते स्वतः हमाल घेऊन आले, चहा प्याले, आणि घरघंटी परत घेऊन गेले. "काका, तमे टेन्शन ना लेशो. लोन हुं केन्सल करावी दईश." माझ्या जिभेवर 'पोच द्या' हे शब्द आलेही होते. पण समोरचा माणूस आपल्या घरात बशीतला चहा फुर्र करून पीत असताना त्याच्याकडे पोचपावती मागायची म्हणजे त्याच्यावर चोरीचा आळ घेण्यासारखं वाटलं. मी मागितली नाही. मी बँकेत जाऊन हप्ता कापणं बंद करून आलो आणि माझ्या मते प्रकरण मिटलं.

शालिनीच्या मते ते मिटलं नव्हतं. घरघंटीच्या पोटात पीठ पडायला स्टीलचं मोठं भांडं असतं. भांडं म्हटल्यावर ते रिकामं परत जाणं शक्य नव्हतं. हमालाने घरघंटी उचलायच्या आधी शालिनीने थालीपिठाची ताजी भाजणी डब्यात भरून तो डबा त्या भांड्यात ठेवला. म्हणजे ज्या गिरणीने आम्हाला एक किलो पीठ धड दळून दिलं नाही, तिला आम्ही एक किलो भाजणी देऊन सासरी पाठवावं तसं पाठवलं. तो डबा तिच्या पाच डब्यांच्या जोडातला, झाकणावर नाव घातलेला. आठवड्याभराने तिने विचारलं, "डबा आला का हो परत?" मी म्हटलं, येईल. हा प्रश्न पुढचे कित्येक महिने मला रोज ऐकायचा होता, हे तेव्हा माहीत असतं तर मी डब्यासकट घरघंटी ठेवून घेतली असती.

आता त्या फोनकडे येतो. तो आला त्याच आठवड्यात आमची मुलगी मनाली बँकेतून उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली. मनाली फिजिओथेरपिस्ट आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवून तिने पैसे साठवले होते आणि बडोद्यातल्याच अकोटा भागात स्वतःच्या क्लिनिकसाठी एक गाळा ठरवला होता. बाना, म्हणजे विसाराची रक्कम, देऊन झाला होता, उरलेल्या रकमेसाठी कर्ज हवं होतं, आणि त्या कर्जाला सहअर्जदार मी होतो. गाळेवाल्याने अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर गाळा दुसऱ्याला आणि बाना बुडीत.

"बाबा, बँक म्हणते तुमच्या नावावर थकबाकी आहे. तुमचा रेकॉर्ड खराब आहे."

"माझा रेकॉर्ड?" मी म्हणालो. रेल्वेत मला या शब्दाची फक्त प्रशंसेसह सवय होती.

मी तडक वाडीत गेलो. जयंतीभाईंनी मला गादीवर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि सगळं ऐकून घेऊन अत्यंत प्रेमाने विचारलं, "कई घरघंटी, काका?" कुठली घरघंटी म्हणे! माणूस इतक्या प्रेमाने खोटं बोलू शकतो हे मी नोकरीतही पाहिलं नव्हतं, आणि मी पार्सल ऑफिसं तपासली आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घरघंटी विकली गेली, माझ्या घरी पोचली आणि तिथेच असणार. मी तापून घरी आलो. दार उघडताच शालिनी म्हणाली, "डबा आणलात?"

"अगं, इथे माझ्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"तो आहेच. पण जोड फुटला ने माझा."

दिनकररावांना बातमी कळली तेव्हा ते स्वतः जिना चढून वर आले. ते रिफायनरीतून निवृत्त झाले आहेत आणि सल्ला देणं हा त्यांचा त्यानंतरचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्यांचा पहिला सल्ला, फोन उचलूच नका. मी उचलले नाहीत. परिणामी कंपनीने दिनकररावांना फोन केला आणि तुमच्या शेजाऱ्यांना जरा समजवा म्हणून सांगितलं. त्यांचा नंबर कंपनीला कसा मिळाला ते कुणालाच कळलं नाही. पण कर्ज वसूल करणाऱ्यांनी आपल्याला महत्त्वाचा माणूस मानलं याचा त्यांना इतका आनंद झाला की ते जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडले, "पोतनीस! तुमच्या कर्जाबद्दल मला फोन आलाय हां!" जिन्याला चार मजले आहेत.

मग पीयूष यायला लागला. पीयूष म्हणजे तोच गोड आवाज. सडपातळ पोरगा, पाठीवर बॅग, हातात हेल्मेट. मी चेहरा कठोर करून दारात उभा राहिलो. तेवढ्यात त्याने बूट बाहेर काढले, आत येऊन शालिनीला "जय श्रीकृष्ण, आंटी" म्हटलं, आणि मी कठोरपणाचं पहिलं वाक्य जुळवेपर्यंत त्याच्या हातात चहा आणि समोर चिवड्याचा डबा होता. घरी आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवायचं नाही, मग तो आपली जप्ती करायला का आलेला असेना, हा नियमही शालिनीचाच.

"आंटी, चेवडो सरस छे," पीयूष म्हणाला. मग माझ्याकडे वळून तितक्याच आपुलकीने म्हणाला, "अंकल, पैसा नहीं भरोगे तो केस होगा, पुलीस आयेगा." आणि आणखी थोडा चिवडा घेतला.

"घे, घे," शालिनी म्हणाली. "असे पाच डबे होते माझे. एक तुमच्या त्या दुकानवाल्याकडे आहे. भेटला तर सांग त्याला."

पीयूषचा दुसरा गुण म्हणजे तो लवकर आला की खाली ओट्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "पोतनीस अंकल घरे छे? हप्ता बाकी छे एमना." दूधवाल्याने आमच्याकडून महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. देवळात ज्यांच्याशी मी वीस वर्षं नुसती मान हलवत होतो ते गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं कधी कधी." मला खरंच त्या दिवशी घराबाहेर पडू नये असं वाटायला लागलं. मी देवळाची वेळ बदलली. मग ती बदलली म्हणून लोक काय म्हणतील म्हणून परत पहिली केली.

शेवटी मनालीने एके संध्याकाळी फोनवर नियम शोधून काढले आणि मला समोर बसवून वाचून दाखवले. वसुलीच्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र हवं. त्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, यायचं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नातेवाइकांना आपल्या कर्जाबद्दल सांगायचं नाही. धमकी द्यायची नाही. आणि नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस येत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. कर्ज आपलं नाहीच असं आपलं म्हणणं असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं.

हे ऐकताना माझ्या अंगात निवृत्तीनंतर प्रथमच रक्त खेळायला लागलं. नियम! कलमं! मी कपाटातून लाल शाईचं पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी पीयूष आल्यावर मी ओळखपत्र मागितलं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि जाहीर केलं, "या फोटोत मिशी आहे. तुम्हाला नाही." तो म्हणाला, लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा काढली. शालिनीने लगेच विचारलं, मग जमलं का? आणि चौकशी माझ्या हातातून गेली. त्यानंतरच्या वेळी तो संध्याकाळी आला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून गरजलो, "सात वाजले! नियमाप्रमाणे आपण आता इथून निघा." त्याने मोबाईल दाखवला, त्यात सातला दहा मिनिटं कमी होती. आमच्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, कारण माझ्या वडिलांच्या काळापासून ते तसंच आहे आणि घरातला प्रत्येकजण मनातल्या मनात दहा वजा करतो. मी माझ्याच घड्याळाकडून असा तोंडघशी पडलो. उरलेली दहा मिनिटं पीयूषने चहात घालवली.

तक्रार मात्र मी अशी लिहिली की रेल्वे बोर्ड हादरलं असतं. परिशिष्ट अ, परिशिष्ट ब, घरघंटीने कापलेल्या मार्गाचा नकाशा. कंपनीचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. त्यात माझे आभार मानले होते आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल असं विचारलं होतं. मी एकही तारा दिला नाही, तर एक तरी दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. नाइलाजाने मला माझ्या छळाला एक तारा द्यावा लागला.

इकडे अक्षय्य तृतीया जवळ येत होती. पीयूषने एक दिवस आवाज खाली आणून सांगितलं, "अंकल, साहेब कहे छे, अडधामां पतावी दो." अर्ध्या रकमेत मिटवून टाका. दिनकरराव लगेच म्हणाले, "घ्या मिटवून! अर्धे वाचले की!" त्यांच्या हिशेबात, जे मी देणंच लागत नव्हतो त्यातलं अर्धं वाचणार होतं. पण मनालीने चौकशी केली होती. असं मिटवलं की कर्जाच्या नोंदीत 'तडजोड' म्हणून शिक्का बसतो आणि बँका त्या शिक्क्यालाही डागच समजतात.

त्या रात्री जेवताना मनाली पानाकडे बघत म्हणाली, "बाबा, राहू दे. मी पूर्ण भरून टाकते. गाळ्याचं पुढे बघू. पुढच्या वर्षी."

लोकांनी डिफॉल्टर म्हटलं ते मी सहन केलं होतं. पण माझी मुलगी, जिला मी लहानपणी दुकानातून आल्यावर सुट्टे पैसे मोजून परत द्यायला शिकवलं, ती एका लबाड माणसाची चूक माझ्यासाठी भरायला निघाली होती आणि मी नुसता भाताकडे बघत बसलो होतो. मी म्हणालो, "एक पैसा भरायचा नाही. तुझं क्लिनिक याच तृतीयेला होणार." हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की मला स्वतःलाच दोन मिनिटं धीर आला.

मग कंपनीने दावा लावला. दिवाणी न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन येणार अशी कुणकुण पीयूषनेच चहा पिता पिता दिली. दिनकररावांचा सल्ला तयार होता. "घेऊच नका! हातात घेतलं की फसलात. नाही घेतलं तर केस सुरूच होत नाही." हे ते इतक्या अधिकाराने बोलले की त्यांचा कोर्टाशी आलेला एकमेव संबंध म्हणजे तिथल्या आवारात त्यांची स्कूटर चोरीला गेली होती, हे मी विसरलो.

बेलिफ आला तो नेमका शालिनीच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी. गौर मांडलेली, आंब्याची डाळ, पन्हं, सगळं तयार. बायका यायच्या होत्या म्हणून मला तसंही घराबाहेर घालवलं होतं. मी दिनकररावांच्या घरात, दाराला कडी लावून, पडद्यामागे बसलो. बेलिफ वर गेला, बेल वाजवली, शालिनीने माझ्याच शिकवणीप्रमाणे "ते घरी नाहीत, कधी येतील माहीत नाही" म्हटलं. आणि तो खाली उतरून गेला. दिनकरराव मला टाळी द्यायला पुढे आले.

जाण्याआधी त्याने समन्सची प्रत आमच्या दारावर डिंकाने चिकटवली होती. कायद्यात तशी सोयच आहे, हे मला मागाहून कळलं. माणूस सापडला नाही की दाराला चिकटवायचं, आणि ते त्या माणसाला पोचलं असं समजायचं.

शालिनी आत पन्ह्यात वेलची घालत होती. बायका यायला लागल्या. प्रत्येक बाई दारात थांबली, चप्पल काढायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबली, आणि मगच आत आली. ज्यांनी चष्मा आणला नव्हता त्यांच्यासाठी कमलाताईंनी जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. "प्रतिवादी लक्ष्मीकांत..." एवढं खाली पडद्यामागे मला स्वच्छ ऐकू आलं. ओटी भरताना एका बाईंनी आपल्या ओटीतले मूठभर हरभरे शालिनीलाच परत दिले. आमचे दिवस फिरले म्हणून.

संध्याकाळी मनाली घरी आली, दार बघितलं आणि प्रथमच माझ्यावर चिडली. "बाबा, कोर्टात गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो! आपण खरे असूनसुद्धा! लपताय काय? तुम्ही काय केलंय?"

मी दारावरचा कागद सोडवायला गेलो. बेलिफचा डिंक मात्र सरकारी नव्हता, फार चांगल्या प्रतीचा होता. कागदाबरोबर दाराचा रंगही निघाला. त्या निघालेल्या चौकोनासमोर उभं राहून मी ठरवलं, यापुढे दिनकररावांचं ऐकायचं नाही.

तारखेला आम्ही कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी माझं म्हणणं ऐकलं, लेखी जबाब घेतला आणि प्रकरण लहान आहे म्हणून शनिवारच्या लोकअदालतीत ठेवलं. दुकानदारालाही बोलवा म्हणाले. अक्षय्य तृतीया पुढच्या आठवड्यात होती. मी रात्रंदिवस भाषणाची तयारी केली. शालिनीने फक्त एक गोष्ट विचारली.

"जयंतीभाई येणार ने?"

"येणार."

"मग मी पण येते. डब्याचं विचारायचंय."

"शालिनी, तिथे डब्याचा एक शब्द काढायचा नाही. ते न्यायासन आहे."

लोकअदालतीत टेबलामागे एक निवृत्त न्यायाधीशबाई आणि एक वकील बसले होते. कंपनीतर्फे वकील आणि त्याच्या फायली धरायला पीयूष. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि जयंतीभाईंना विचारलं, घरघंटी परत आली का? ते हात जोडून म्हणाले, कधीच नाही. मी किंवा माझा माणूस यांच्या घरी परत आणायला गेलोच नाही. मग शालिनीकडे बघून म्हणाले, "आ बहेनने तो हुं जिंदगीमां पहेली वार जोउं छुं."

शालिनी रागाने लाल झाली. आपल्या हातचा चहा पिऊन हा माणूस आपल्याला ओळखत नाही म्हणतो, हे तिला खोट्या कर्जापेक्षा जास्त लागलं. बाईंनी मला विचारलं, पोच आहे? माझं सगळं भाषण त्या एका शब्दाशी येऊन थांबलं. मी, हिशेब तपासनीस पोतनीस, मान खाली घालून म्हणालो, नाही. मनालीने माझा हात धरला. बाई म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर बघू, जमलं तर तडजोड करा.

व्हरांड्यात बाकं होती. एका बाकावर आम्ही तिघं, समोर जयंतीभाई आणि पीयूष. मी डोळे मिटून मनालीला काय सांगायचं याचा विचार करत होतो. जयंतीभाईंनी पिशवी उघडली, डबा काढला, झाकण मांडीवर ठेवलं आणि जेवायला बसलेला कुठलाही गुजराती गृहस्थ म्हणेल तसं समोरच्यांना म्हणाले, "आवो बहेन, थेपलां लो."

शालिनी उठली. मला वाटलं आता ही थेपलं घेते की काय. तिने झाकण उचललं, पदराने पुसलं आणि उजेडात धरलं.

"सौ. शालिनी ल. पोतनीस," तिने मोठ्याने वाचलं.

जयंतीभाईंचा हात तोंडापाशीच राहिला. पण खरा घोटाळा केला पीयूषने. तो वाकून डब्याकडे बघून अगदी आनंदाने ओरडला, "अरे, आ तो आंटीनो डब्बो! चेवडावाळो! आंटी, पाचमो मळी गयो!" आणि मग आपण कोणाच्या बाजूने आलो आहोत हे आठवून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"जेवा तुम्ही," शालिनी जयंतीभाईंना म्हणाली. "जेवताना उठवत नाही मी कुणाला. जेवण झालं की आत जाऊ."

सुट्टीनंतर डबा टेबलावर ठेवला गेला. न्यायाधीशबाईंनी जयंतीभाईंना विचारलं, या बाईंना तुम्ही आज पहिल्यांदा पाहताय, मग त्यांचा डबा तुमच्या घरी कसा? जयंतीभाईंनी आधी छताकडे, मग पीयूषकडे आणि मग पायांकडे पाहिलं. ते म्हणाले की घरघंटी उघडली तेव्हा आत निघाला. मग म्हणाले, कुठली तरी दुसरी घरघंटी असेल. बाईंनी शालिनीला विचारलं, पण तुम्ही परत जाणाऱ्या घरघंटीत डबा कशाला ठेवलात?

"भांडं रिकामं कसं पाठवायचं?" शालिनीने उलट विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "अमारे त्यां पण नथी मोकलता," आमच्याकडेही पाठवत नाहीत, असं त्या म्हणाल्या आणि कंपनीच्या वकिलाकडे बघितलं. वकिलाने पीयूषच्या हातातली फाईल मिटली.

पुढचं सगळं तासाभरात झालं. कंपनीने दावा मागे घेतला, माझ्याकडे काहीही येणं नाही असं लिहून दिलं आणि नोंद दुरुस्त करायची लेखी हमी दिली. कंपनीचे पैसे जयंतीभाई भरणार. त्यांनी ती घरघंटी केव्हाच दुसऱ्याला विकली होती. ती त्या घरात कुठपर्यंत चालत गेली असेल कुणास ठाऊक. मनालीने तो कागद दोनदा वाचला आणि व्हरांड्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही डोळे पुसले. हिशेब तपासनीसाने डोळे पुसू नयेत असा कुठे नियम नाही, मी बघितलं आहे.

तो कागद बँकेला दाखवल्यावर कर्ज अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मंजूर झालं. आता अकोट्यात पाटी लागली आहे आणि पहिले गुडघे दिनकररावांचेच आले. फी द्यायची की नाही याबद्दल त्यांनी स्वतःलाच सल्ला दिला आहे आणि तो ते कटाक्षाने पाळतात.

पण लोकअदालतीच्या पायऱ्यांवरचं सांगायचं राहिलं. आम्ही उतरत होतो तेव्हा मागून जयंतीभाई आले. त्यांच्या हातात तो डबा होता, झाकण लावलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी शालिनीपुढे धरला. तिने घेतला आणि वजनावरून तिच्या लक्षात आलं. झाकण उघडलं तर आत उरलेली थेपली, कडेला कैरीचा गोड छुंदा.

"खाली डब्बो केम अपाय, बहेन?" जयंतीभाई खाली बघत म्हणाले आणि भराभर निघून गेले.

आमची घरघंटी या माणसाने विकली होती, माझी अब्रू ओट्यावर आणली होती, मुलीचा गाळा घालवत आणला होता. पण डबा रिकामा परत द्यायचं काही त्याला जमलं नाही. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, ते मला थेपल्यासाठी वापरावं लागलं. थेपली मऊ होती. आम्ही तिघांनी तिथेच पायरीवर बसून संपवली. चहाच्या टपरीवर उभ्या पीयूषलाही शालिनीने हाक मारून एक दिलं.

घरी येऊन तिने डबा घासला, पुसला, बाकीच्या चारांच्या शेजारी ठेवला. मी सुटकेचा श्वास सोडला. ती डब्याकडे बघत उभी होती.

"काय झालं आता?"

"त्यांची थेपली खाल्ली ने आपण," शालिनी म्हणाली. "आता आपल्याकडून काहीतरी जायला हवं."

मी विरोध केला. आवाज चढवला. कोर्ट, कायदा, स्वाभिमान, सगळं काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजणीने भरलेला डबा घेऊन मी वाडीत जयंतीभाईंच्या गादीवर बसलो होतो. पंखा त्यांनी माझ्याकडे वळवला. चहा मागवला. मी बशीतला चहा सावकाश संपवला, मग खिशातून लाल शाईचं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

"लिहा," मी म्हटलं. "एक डबा, झाकणासह, भाजणीने भरलेला, मिळाला. खाली सही. आणि तारीख."

त्यांनी मुकाट्याने लिहिलं. पोच माझ्या पाकिटात आहे. डबा अजून यायचा आहे.